प्रश्न वाचकांचे : कुत्र्याला घेऊन रेडवुडच्या जंगलात

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी आईवडील मंडळी उन्हाळ्यात मुलांकडे कॅलिफोर्नियाला जातात. मुलांच्या घरी हल्ली कुत्रा असतो आणि सुटीत त्याला मागे ठेवायला घरातलं कुणीच तयार नसतं. तिथल्या रेडवुडच्या, म्हणजे जगातल्या सर्वांत उंच झाडांच्या, जंगलात कुत्र्यासह मुक्काम करण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एक पत्र आपल्या सातपुड्याबद्दलही आहे.

प्रश्न : लेक-जावई सॅन होजेला राहतात. त्यांच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॉडॉर आहे. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जात आहोत. जगातली सर्वांत उंच झाडं बघायची, तंबूत राहायचं आणि कुत्र्यालाही न्यायचं असा लेकीचा बेत आहे. कुत्र्याला जंगलात येऊ देतात का? – एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

मुक्कामाच्या जागेवर येऊ देतात, पायवाटांवर नाही. बेत आखताना हे आधी धरून चाला. बहुतेकांची निराशा होते ती इथेच. सात-आठ तास गाडी चालवून पोहोचायचं आणि पायवाटेच्या तोंडाशीच ‘कुत्र्यांना मनाई’ अशी पाटी बघायची.

सर्वांत उंच झाडं उत्तरेला, ओरेगनच्या सीमेलगत असलेल्या रेडवुड नॅशनल अँड स्टेट पार्क्समध्ये आहेत. इथलं राष्ट्रीय उद्यान १९६८ साली झालं आणि १९८० मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. इथे तंबूच्या चार मोठ्या जागा आहेत : जेडेडाया स्मिथ, मिल क्रीक, एल्क प्रेअरी आणि गोल्ड ब्लफ्स बीच. चारही ठिकाणी कुत्रा चालतो. त्याला फिरवायला क्रेसेंट बीच आणि गोल्ड ब्लफ्स बीच हे किनारे मोकळे आहेत. खुद्द झाडांमधून चालायचं असेल तर दोन कच्चे रस्ते आहेत : जेडेडाया स्मिथमधला वॉकर रोड आणि एल्क प्रेअरीजवळ, प्रेअरी क्रीकमधला कॅल-बॅरल रोड. दोन्ही रस्त्यांच्या दुतर्फा जुनी, अवाढव्य झाडं आहेत. वर्दळही बेताची असते. कुत्रा बरोबर असलेल्या कुटुंबाला रेडवुड बघायला याहून चांगली जागा नाही, असं आमचं ठाम मत आहे. पायवाटांची हळहळ न करता सकाळचे दोन तास या रस्त्यांना द्या.

गोल्ड ब्लफ्सजवळची फर्न कॅनियन ही नेच्यांनी मढलेली घळ प्रसिद्ध आहे, पण तिथे कुत्र्याला मनाई आहे. बरोबर चार मोठी माणसं असतील तर दोघांनी जायचं आणि दोघांनी कुत्र्यापाशी थांबायचं, मग पाळी बदलायची. कुत्र्याला जागेवर एकटं बांधून जाणं नियमात बसत नाही. गाडीत बंद करून जाणं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. बाहेर २१ अंश असतानाही बंद गाडीच्या आत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंश होतात. काच चार बोटं खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जगातलं सर्वांत उंच झाड, ज्याला हायपेरियन म्हणतात, ते सुमारे ११६ मीटर उंच आहे आणि २००६ मध्ये सापडलं. तिथे जायला वाट नाही. लोकांनी मुळांजवळची जमीन तुडवून टाकल्यामुळे २०२२ पासून तो भाग बंद आहे. आत सापडलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या झाडांची मुळं जेमतेम दोन ते चार मीटर खोल, पण आडवी तीस मीटरपर्यंत पसरलेली असतात. म्हणून पावलांचा भार त्यांना सोसत नाही. तुमच्या तंबूच्या जागेवरही हीच काळजी घ्या. कुत्र्याची दोरी झाडाच्या बुंध्याला गुंडाळू नका. ओढाताणीत साल सोलवटते आणि कुत्रा मुळांवरची माती उकरत बसतो.

सॅन होजेहून या उद्यानाजवळचं क्रेसेंट सिटी गाव साधारण ६४० किलोमीटर आहे. वयाचा आणि कुत्र्याचा विचार करता हे अंतर एका दिवसात कापू नका. मध्ये हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमध्ये एक रात्र थांबा. ‘अव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा सुमारे ५० किलोमीटरचा जुना रस्ता तिथूनच जातो. गाडीतून आणि रस्त्याकडेच्या थांब्यांवरून इतकी झाडं दिसतात की पायवाटेची उणीव फारशी जाणवत नाही.

लॅब्रॉडॉर तंबूत कधीच झोपला नसेल तर आधी घराजवळ एक रात्र काढून बघा. सॅन होजेपासून तासाभरावर फेल्टनला हेन्री कॉवेल रेडवुड्स स्टेट पार्क आहे. तिथे मुक्कामाच्या जागेखेरीज पाइपलाइन रोड, ग्रॅहम हिल ट्रेल आणि मेडो ट्रेल या तीन वाटांवर कुत्रा नेता येतो. जुन्या झाडांच्या छोट्या फेरीच्या वाटेवर मात्र नेता येत नाही. कुत्रा रात्रभर भुंकतो का, तंबूचं कापड नखांनी फाडतो का, तंबूची चेन लावल्यावर घाबरतो का, हे घरापासून तासाभरावर कळलेलं बरं.

ज्यांना कुत्र्यासह खरोखरच रानवाटा तुडवायच्या आहेत त्यांनी जेडेडाया स्मिथला लागूनच असलेल्या सिक्स रिव्हर्स नॅशनल फॉरेस्टमध्ये मुक्काम करावा. गॅस्केजवळ पँथर फ्लॅट ही तिथली चांगली जागा. अमेरिकेत नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत आणि फॉरेस्टच्या वाटांवर कुत्र्याला सहसा मुभा असते. अर्काटा गावाच्या मालकीच्या कम्युनिटी फॉरेस्टमध्येही दोरी लावून कुत्रा फिरवता येतो. तिथली झाडं तोडीनंतर पुन्हा वाढलेली, त्यामुळे तुलनेने तरुण आहेत. कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही.

दोरी सगळीकडे जास्तीत जास्त सहा फूट. लांबवता येणारी गुंडाळी दोरी नेऊ नका. ती सहा फुटांवर अडकवून ठेवली तरी झाडोऱ्यात गुंतते, आणि समोरून एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, आलं की ओढून धरायला हाताला काही सापडत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि त्या वेळात कुत्रा तंबूत किंवा बंद गाडीतच असला पाहिजे. तंबूबाहेर बांधून ठेवायचा नाही. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र गाडीच्या खणात ठेवा. ते मागितलं जाऊ शकतं.

प्रश्न : दोरीला बांधलेला, लस टोचलेला, शांत कुत्रा पायवाटेवर चालला तर जंगलाचं काय बिघडतं? हा नियम जाचक वाटतो. – एक वाचक, साक्री

तुमचा कुत्रा शांत असेलही. पण रानातल्या जनावराला ते कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो वास, आणि कुत्र्याचा वास म्हणजे शिकारी जनावराचा वास. वाटेच्या कडेला कुत्रा पाय वर करतो तिथे तो निघून गेल्यावरही वास राहतो आणि हरणं, छोटे सस्तन प्राणी तो पट्टा टाळू लागतात.

दुसरं कारण रोगांचं. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग रानातल्या मांसाहारी प्राण्यांना होतो. आपल्या शेजारी गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून जास्त सिंह दगावले. त्यांच्यात हा विषाणू सापडला होता.

तिसरं कारण फक्त रेडवुडचं आहे आणि ते मुक्कामाच्या जागेलाही लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी आहे. तो मासे खातो समुद्रात आणि अंडं घालतो जंगलात, जुन्या झाडांच्या जाड, शेवाळलेल्या फांदीवर. एका हंगामात एकच अंडं. कॅलिफोर्नियातलं त्याचं घरटं १९७४ पर्यंत कुणाला सापडलं नव्हतं. या पक्ष्याची अंडी आणि पिल्लं खातात ती निळी स्टेलर्स जे आणि डोमकावळे. हे दोघंही माणसाच्या उष्ट्यावर जमतात. तंबूजवळ सांडलेले शेवेचे चार कण, कुत्र्याच्या वाडग्यात उरलेले दाणे यांवर त्यांची संख्या वाढते, मग ते आजूबाजूच्या फांद्या धुंडाळतात आणि घरटी सापडतात. म्हणून तिथले रक्षक ‘एक कणही मागे ठेवू नका’ असं बजावतात.

तेव्हा कुत्र्याला दिवसभर वाडगा भरून ठेवायची सवय असेल तर मुक्कामात ती मोडा. दोन वेळा द्या, वीस मिनिटांनी उरलेलं उचला, वाडगा धुवा आणि लोखंडी पेटीत ठेवा. प्रत्येक जागेवर अस्वलांपासून अन्न वाचवायला अशी कडीबंद पेटी असते. कुत्र्याचं खाणं, चघळायची हाडं, साबण, टूथपेस्ट हे सगळं त्या पेटीतच ठेवायचं. तंबूत कुत्र्याच्या बिस्किटाचा पुडा ठेवून झोपणं म्हणजे अस्वलाला बोलावणं.

प्रश्न : आमचा स्वतःचा कुत्रा (इंडी म्हणजे देशी, वय तीन) इथून अमेरिकेला सहा महिन्यांसाठी न्यायचा आहे. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला आहे. काय करावं लागेल? – एक दांपत्य, भुसावळ

तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण सहा महिन्यांसाठी हा खटाटोप करू नका, असाच आमचा सल्ला आहे.

१ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, नवे नियम लागू झाले. भारत हा कुत्र्यांच्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत मोडतो. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याचं वय किमान सहा महिने हवं, अंगात मायक्रोचिप हवी आणि ती रेबीजच्या लसीआधी बसवलेली हवी. लस आणि चिप यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र पशुवैद्याने भरून त्यावर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही-शिक्का लागतो. सीडीसीने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतून रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि त्यानंतर किमान २८ दिवसांनी अमेरिकेत उतरायचं. शिवाय सीडीसीकडे नोंद असलेल्या प्राणी केंद्रात आधीच जागा राखून ठेवायची. तिथे उतरल्यावर तपासणी होऊन पुन्हा लस टोचतात. रक्ततपासणीचा ग्राह्य अहवाल नसेल तर २८ दिवस त्याच केंद्रात ठेवावं लागतं, तुमच्या खर्चाने.

मोठी अडचण पुढेच आहे. अशी केंद्रं ज्या विमानतळांवर आहेत त्यांत सॅन फ्रान्सिस्को नाही. पश्चिम किनाऱ्यावर फक्त लॉस एंजेलिस आहे. तिथे उतरून पुढे सहा-सात तासांचा रस्ता. आपल्याकडून निघताना मुंबईच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि परत येताना ना-हरकत पत्र, हे आणखी वेगळं. सगळं मिळून चार महिने आधी सुरुवात करावी लागते. भुसावळच्या घरात वाढलेल्या कुत्र्याला मालवाहू कप्प्यात वीस-बावीस तास बसवायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच करायचं, हे त्याच्या भल्याचं नाही. त्याला ओळखीच्या माणसाकडे, त्याच्याच अंगणात ठेवून जा.

प्रश्न : जूनमध्ये तिकडे थंडी असते असं नातू म्हणतो. खरं का? तंबूत कुत्र्यासाठी काय काय न्यावं? – एक आजोबा, चोपडा

नातू बरोबर सांगतो. चोपड्याला जूनच्या सुरुवातीला ४२ अंश असताना रेडवुडच्या किनारपट्टीत दुपारी १५ ते १८ आणि पहाटे ८-१० अंश असतात. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं आत शिरतं, झाडांच्या पानांवर साठतं आणि थेंबथेंब खाली टपकतं. रेडवुड जगतं ते बऱ्याच अंशी या पाण्यावर. पाऊस नसतानाही सकाळी तंबू, जोडे, चादरी ओल्या मिळतात. तंबूवरचं बाहेरचं आवरण दरवेळी पूर्ण ताणून लावा. आतल्या कापडाला ते चिकटलं की तिथून पाणी झिरपतं.

पंचवीस किलोच्या कुत्र्यासाठी सामान असं धरा :

खाली टाकायला बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची चटई, निदान एक सेंटिमीटर जाडीची, आणि तिच्यावर जुनी गोधडी. थंडी खालून जास्त लागते. फुगवायच्या गाद्या कुत्र्याच्या नखांनी फुटतात, त्या आणूच नका. तंबूच्या तळाला आतून ताडपत्रीचा तुकडा किंवा जाड सतरंजी अंथरा म्हणजे कापड फाटत नाही. तंबू माणसांच्या संख्येपेक्षा दोन माणसं जास्त मावतील एवढा घ्या.

पाणी : दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे सव्वा ते दीड लिटर, आणि चालणं झालं तर त्याच्या दुप्पट. पाणी नळाचंच द्या. कारण पुढच्या उत्तरात आहे.

खाणं : रोजचंच, मोजून पुड्या बांधलेलं. थंडीत आणि चालण्यामुळे भूक वाढते, म्हणून रोजच्यापेक्षा पाव हिस्सा जास्त धरा आणि एका दिवसाचं जादा ठेवा. प्रवासात नवं खाणं सुरू केलं तर हटकून जुलाब लागतात, आणि तंबूत त्याच्यासारखी फजिती नाही.

दोन जाड टॉवेल, छोट्या केसांच्या कुत्र्याला अंगात घालायचा स्वेटर किंवा जाकीट, गळपट्ट्याला लावायचा छोटा दिवा, विष्ठेच्या पिशव्या, गोचीड काढायचा चिमटा. गळपट्ट्यावर तिकडचा चालू फोन नंबर लिहिलेला बिल्ला लावा. बऱ्याच जणांच्या बिल्ल्यावर जुन्या घराचा नंबर तसाच राहतो. जंगलात फोनला रेंज नसते हे धरूनच निघा. युरेका-अर्काटा भागातल्या पशुवैद्याचा पत्ता आणि नकाशा घरीच उतरवून घ्या.

खुंट्यांचं एक सांगायला हवं. रेडवुडखाली वर्षानुवर्षं पडलेल्या पाल्याचा गादीसारखा थर असतो. नेहमीच्या सहा इंची खुंट्या त्यात सहज रुततात आणि तितक्याच सहज उपटतात. नऊ-दहा इंची घ्या आणि दोरीच्या उलट दिशेला कलत्या ठोका. कुत्र्याची दोरी तंबूच्या खुंटीला कधीच बांधू नका.

सरपण घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. लाकडातून झाडांचे रोग पसरतात. ओकची झाडं मारणारा, बुरशीसारख्या जंतूचा रोग कॅलिफोर्नियात पसरलेला आहे, त्याचा फैलावही असा होऊ शकतो.

प्रश्न : समुद्र आणि नदी दोन्ही जवळ आहेत. आमच्या मुलाच्या कुत्र्याला पाणी दिसलं की राहवत नाही. त्याला पोहू द्यावं का? – एक वाचक, शहादा

हे पत्र आलं याचा आम्हांला आनंद आहे. तिथे कुत्र्यांचे आणि माणसांचे जीव जातात ते पाण्यातच.

आधी समुद्र. उत्तर कॅलिफोर्नियाचा किनारा म्हणजे दमणचा किंवा डुमसचा संथ उतार नव्हे. पाणी उन्हाळ्यातही १० ते १३ अंशच असतं. वाळू काही पावलांतच खोल उतरते. बराच वेळ लाटा लहान असतात आणि अचानक एखादी लाट इतरांच्या कितीतरी पुढे, कोरड्या वाळूवर धावून येते. परत जाताना ती पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढून नेते. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये याच किनाऱ्यावर बिग लगूनजवळ कुत्रा लाटेत गेला. त्याला काढायला मुलगा गेला, मग एकमेकांना काढायला आईवडीलही. तिघंही बुडाले. कुत्रा आपोआप बाहेर आला. कुत्र्याला चार पाय आणि पोहण्याची उपजत ढब असते. त्याच्यामागे पाण्यात उतरायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, गाडीतून उतरण्यापूर्वी सांगा. काठावर उभं राहून हाक मारायची आणि तो वाहत जाईल त्या दिशेने कोरड्या वाळूवरून चालत राहायचं. पाण्याकडे चेंडू-काठी फेकायची नाही. पोहोचल्यावर वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा, मगच वाळूवर उतरा, आणि समुद्राकडे पाठ करू नका.

मार्च ते सप्टेंबर स्नोई प्लोव्हर हा चिमुकला पक्षी कोरड्या वाळूवर, उघड्यावर अंडी घालतो. जिथे दोरी किंवा पाट्या लावलेल्या असतील तो भाग टाळा. ओल्या वाळूवरून चाललात की तुमचं आणि त्याचं दोघांचं भागतं, फक्त वर सांगितलेल्या लाटांवर नजर हवी.

आता नदी. हम्बोल्ट रेडवुड्समधून वाहणाऱ्या इल नदीच्या दक्षिण शाखेत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी उतरलं आणि तापलं की दगडांवर व काठांवर गडद हिरवे, तपकिरी असे शेवाळासारखे थर तयार होतात. यांतले काही सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचे असतात आणि त्यांच्यात मज्जासंस्थेवर काम करणारं विष असतं. कुत्रा पाण्यात खेळतो, बाहेर येऊन अंग चाटतो, किंवा काठावर वाळलेला थर वास आवडला म्हणून खातो. लाळ गळणं, लटपटणं, झटके, आणि काही तासांत मृत्यू. या विषाला उतारा नाही. या नदीकाठी कुत्रे असे दगावलेले आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथे कुत्र्याला पाण्यात सोडू नका आणि नदीचं पाणी पाजू नका. चुकून गेलाच तर अंग चाटण्याआधी नळाच्या पाण्याने धुवा.

आणि मासे. या भागात नदीकाठी पडलेला कच्चा सामन किंवा ट्राउट कुत्र्याने खाल्ला तर ‘सामन पॉयझनिंग’ हा रोग होऊ शकतो. माशातल्या एका कृमीमधून जिवाणू शरीरात जातो. गंमत म्हणजे लक्षणं लगेच दिसत नाहीत. साधारण आठवड्याने ताप, उलट्या, रक्ती जुलाब सुरू होतात, तोवर सहल संपून कुत्रा घरी आलेला असतो आणि पशुवैद्याला कुणी मासा खाल्ल्याचं सांगत नाही. उपचार न झाल्यास बहुतेक कुत्रे मरतात. वेळेत कळलं तर प्रतिजैविकांनी बरे होतात. म्हणून सहलीनंतर दोन आठवडे कुत्रा मलूल दिसला तर पशुवैद्याला आधी हेच सांगा : आम्ही हम्बोल्टकडे नदीकाठी होतो.

प्रश्न : सहलीला आम्ही भरीत-पुरी, शेव, कळण्याची भाकरी असं नेणार. कुत्र्याला त्यातलं दिलं तर चालेल? – एक गृहिणी, जळगाव

भरीत अजिबात नको. त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो. कांदा कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर त्रास होतो. दहा किलोच्या कुत्र्याला त्यासाठी दीडशे ग्रॅम पुरतो. त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो : हिरड्या फिकट, लघवी लालसर. शेवभाजीचा रस्साही त्याच कारणाने नको. चिवड्यातले आणि शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगम हेही विषारीच. साधी, बिनमिठाची, बिनतिखटाची भाकरी कोरभर दिलीत तर हरकत नाही.

प्रश्न : तिकडच्या जंगलातून आल्यावर माझ्या सुनेच्या हातांवर फोड आले. कुत्र्याला काहीच झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले कुत्र्यामुळे. हे कसं? – एक वाचक, पाचोरा

ते पॉयझन ओकमुळे. हे झुडूप आपल्या बिब्याच्या कुळातलं. बिबा उतल्यावर जसे फोड येतात तसेच याच्या चिकाने येतात. कुत्रा त्यातून घुसतो, तेल त्याच्या केसांवर बसतं, जाड केसांमुळे त्याला काही होत नाही, आणि त्याला कुरवाळणाऱ्या माणसाला होतं. एका देठाला तीन पानं, मधल्या पानाला लांब देठ, पानं ओकसारखी नागमोडी, उन्हाळ्याअखेर लालबुंद. संशय आला तर हातमोजे घालून कुत्र्याला साबणाने धुवा, दोरी आणि गळपट्टाही धुवा. दोरीवरचं तेल बरेच दिवस टिकतं. ज्यांना बिबा किंवा आंब्याचा चीक उततो त्यांनी जास्त जपावं.

किनाऱ्यापासून आत, कोरड्या गवताळ भागात कुसळंही भरपूर असतात. तिकडची कुसळं कुत्र्याच्या कानात, नाकात, बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि काट्यांच्या दिशेमुळे आतच सरकत जातात. रोज संध्याकाळी बोटं फाकवून बघा. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल किंवा एकसारखा शिंकत असेल तर थांबू नका. गोचिडी त्याच वेळी बघून होतील : कानामागे, काखेत, शेपटीखाली.

प्रश्न : अमेरिका राहू द्या. आमच्या जर्मन शेफर्डला घेऊन पाटणादेवी किंवा तोरणमाळला तंबू ठोकता येईल का? – मित्रमंडळ, चाळीसगाव

पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. तिथे कुत्रा नेऊ नका. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांचंही तेच. वर गीरचं उदाहरण दिलं आहे. आपल्याकडे कोल्हे, खोकड, रानकुत्रे, बिबटे आहेत आणि गावकुत्र्यांमुळे त्यांना आधीच पुरेसा धोका आहे.

तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. हवा कुत्र्याला मानवते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एखाद्या स्थानिक माणसाच्या शेतावर, त्याला विचारून, वनहद्दीबाहेर राहता येतं. पण तंबूत कुत्रा घेऊन झोपू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात रात्री कुत्रा तंबूत ठेवा म्हणतात. आपल्याकडे बिबट्या आहे, आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य. अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात कुत्र्याचाच वाटा सर्वांत जास्त निघाला होता. बिबट्या कुत्र्यासाठी येतो आणि तंबूच्या कापडाआड माणूसही असतो. धनगर कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो याचसाठी, पण तो कुत्रा कळपात, माणसांच्या जागत्या वस्तीत असतो. तुमच्या शेफर्डला दिवस मावळायच्या आत पक्क्या भिंतीच्या, कडी लागणाऱ्या खोलीत घ्या. लघवीला बाहेर काढायचा तर दोघांनी, बॅटरी घेऊन, दोरी हातात धरून.

जाण्याआधी डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो आणि रेबीजच्या लसी पूर्ण हव्यात. आपल्या भागात गोचीडतापाने कुत्रे सर्रास आजारी पडतात, तेव्हा गोचिडींचं औषध निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी द्या. परतल्यावर भूक मंदावली, नाकातून रक्त आलं किंवा ताप भरला तर रक्त तपासून घ्या.

प्रश्न : तिकडची जागा कधी आणि कशी राखायची? मुलगा म्हणतो नेहमी भरलेलीच असते. – एक वाचक, शिरपूर

स्टेट पार्कच्या जागा ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’ या सरकारी संकेतस्थळावर, मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, तिथल्या सकाळी आठ वाजता खुल्या होतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे साडेआठ, हिवाळी वेळेनुसार साडेनऊ वाजलेले असतात. जूनच्या मुक्कामासाठी डिसेंबरमध्ये बसायचं, म्हणजे रात्रीचे साडेनऊ. खातं आदल्या दिवशी उघडून, कार्डाची माहिती भरून ठेवा. शनिवार-रविवारच्या जागा काही मिनिटांत जातात. सोमवार ते गुरुवार मिळणं सोपं, आणि कुत्र्याच्या दृष्टीनेही गर्दी कमी. भाडं एका रात्रीला साधारण ३५ डॉलर, एका जागेवर सहसा आठ माणसं. गोल्ड ब्लफ्सला जायचा रस्ता कच्चा आहे आणि तिथे मागे जोडायची गाडी चालत नाही, तेव्हा मोठी व्हॅन भाड्याने घेणार असाल तर एल्क प्रेअरी घ्या. तिथे कुरणात एल्कचे कळप चरतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर नर माजावर असतात, मे-जूनमध्ये माद्यांबरोबर पाडसं असतात. दोन्ही वेळी कुत्रा दिसला की ते अंगावर येतात, म्हणून किमान ७५ फूट अंतर ठेवा. नकाशावर जागा निवडताना कुरणाला लागून असलेली न घेता झाडांमधली, नळापासून जवळची घ्या.